पत्रिकेचं प्रूफ कुणी वाचायचं?

मंडळी, मागच्या लेखात आपण घरातले जुने फोटो स्कॅन करून त्यांना नीट नावं कशी द्यायची ते पाहिलं होतं. या वेळी विषय आहे छापील निमंत्रणपत्रिकेचा. लग्नसराई तोंडावर आहे, आणि आपल्या पिढीत पत्रिकेचं काम हमखास घरातल्या ‘कम्प्युटरवाल्या’वर येतं. आमच्या घरी तो मी.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा काका म्हणाले, “पत्रिकेचं तू बघ. टायपिंग तुला येतं.” मलाही वाटलं, त्यात काय एवढं. ऑफिसात मी दुसऱ्यांचा कोड तपासतो. दोन जणांनी वाचल्याशिवाय आमच्याकडे एक ओळ पुढे जात नाही. पण पत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं रात्री साडेअकराला. खाली प्रेसवाल्याचा प्रश्न होता, “भैया, फाइनल कर दूँ?” मी गणपतीचं चित्र पाहिलं, बहिणीचं नाव पाहिलं, तारीख पाहिली आणि अंगठा पाठवून दिला.

चार दिवसांनी २५० पत्रिकांचा गठ्ठा घरी आला. पहिली पत्रिका खजराना गणपतीला द्यायची म्हणून आईने हळदकुंकवाची कुयरी घेतली आणि पत्रिका उघडली. तिची सवय अशी की कुठलाही छापील कागद ती वरपासून खालपर्यंत वाचते. निम्म्यावर येऊन ती थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग पत्रिका माझ्याकडे सरकवून म्हणाली, “हे एकदा बघ रे.”

तिच्या नावाआधी ‘सौ.’ छापलेलं होतं.

बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांच्या नावाआधी मी लिहून दिलेलं ‘कै.’ बरोबर होतं. म्हणजे एकाच पत्रिकेत वरच्या ओळीत बाबा कैलासवासी आणि खालच्या ओळीत आई सौभाग्यवती. माझ्या मजकुरात आईच्या नावाआधी काहीच नव्हतं. काय लिहावं ते कळेना, म्हणून मी जागा मोकळी सोडली होती. ऑपरेटरला ती मोकळी जागा म्हणजे राहून गेलेली गोष्ट वाटली. त्याच्या साच्यात प्रत्येक आईच्या नावाआधी ‘सौ.’ असतं, ते त्याने भरलं. चूक त्याची म्हणावी, तर शेवटचा अंगठा माझा होता. पत्रिका पुन्हा छापल्या आणि पैसे मी दिले. पण जे चार क्षण आई काही न बोलता त्या कागदाकडे बघत होती, ते परत छापता येत नाहीत. म्हणून हा लेख.

नावाआधीची दोन अक्षरं

पत्रिकेत सर्वांत जास्त अर्थ या छोट्या अक्षरांत भरलेला असतो, आणि सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडेच जातं.

‘चि.’ म्हणजे चिरंजीव, दीर्घायुषी हो असा आशीर्वाद. तो मोठ्यांनी लहानांना द्यायचा. ‘सौ. कां.’ म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा करणारी. म्हणून ते लग्नाआधीच्या मुलीसाठी, आणि लग्नानंतर ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती. यातला ‘कां’वरचा अनुस्वार साच्यात फार वेळा गळतो आणि ‘सौ. का.’ असं काहीतरी उरतं, ज्याला अर्थच नाही. बहिणीला हा शब्द मुळातच नको होता. “मी कसली कांक्षिणी? मुलाला चि., तर मलाही चि. लिहा,” असं तिचं म्हणणं. तसं लिहिलं तर चुकत काहीच नाही, कारण चिरंजीव मुलगीही असते. आम्ही तसंच छापलं.

खरा खड्डा आहे ‘श्रीमती’ या शब्दात, आणि तो आपल्यासारख्या हिंदी मुलुखात राहणाऱ्यांसाठी जास्त खोल आहे. हिंदीत ‘श्रीमती’ म्हणजे विवाहित बाई. मराठी पत्रिकांच्या रूढीत मात्र नवरा हयात असेल तर ‘सौ.’ आणि नसेल तर ‘श्रीमती’. जुन्या काळी ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी लिहीत, त्याची जागा पुढे या शब्दाने घेतली. सरकारी कागदांवर हल्ली सगळ्याच स्त्रियांना सर्रास ‘श्रीमती’ लिहितात, तो भाग वेगळा. पण लग्नपत्रिका वाचणारी आत्या सरकारी कागद वाचत नसते. इंदूरच्या साच्यातलं ‘श्रीमती एवं श्री’ तसंच मराठीत उचललं, तर तिच्या डोळ्यांसमोर शेजारी नवऱ्याचं नाव असूनही भलताच अर्थ उभा राहतो.

आई हिंदी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न झाल्यापासून तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘श्रीमती’ आणि नातेवाइकांच्या पाकिटांवर ‘सौ.’ अशी तिची दोन नावं होती. बाबा गेल्यावर शाळेच्या कागदांवर काहीच बदललं नाही. बदलली ती पाकिटं.

वडोदऱ्याची आमची आत्या सांगते, की तिकडच्या पत्रिकांमध्ये गुजराती वळणाने ‘अ. सौ.’ आणि ‘गं. स्व.’ येतं. बेळगावकडच्या कानडी पत्रिकांमध्ये वधूच्या नावाआधी ‘चि. कुं. सौ.’ दिसतं. यातलं चूक काहीच नाही, ज्या त्या भाषेची ती रीत आहे. चूक होते ती एका भाषेचा साचा दुसऱ्या भाषेवर तपासून न पाहता ठेवला की. ‘कै.’ आणि ‘स्व.’ यांचंही असंच. कैलासवासी आणि स्वर्गीय, दोन्ही चालतात, पण एका पत्रिकेत एकच काहीतरी ठेवा. आजोबा कैलासात आणि आजी स्वर्गात अशी ताटातूट नको.

हिंदीतून आलेलं मराठी

आपण दोन भाषांत जगतो, त्याचा मला अभिमान आहे. पण पत्रिकेत त्या दोघी एकमेकींच्या पायात येतात. हिंदी पत्रिकेत पाहुण्यांना ‘पधारने का कष्ट करें’ असं अदबीने म्हणतात. त्याचं कुणीतरी ‘येण्याचे कष्ट घ्यावेत’ केलेलं मी छापील पाहिलं आहे. मराठीत ते वाचून पाहुण्याला वाटेल, की स्टेशनवरून सामान आपल्यालाच उचलून आणायचं आहे. आपल्याकडे म्हणतात, ‘अगत्य येण्याचे करावे’. ‘इस शुभ अवसर पर’चं ‘या शुभ अवसरावर’ होत नाही, ‘या शुभप्रसंगी’ होतं. ‘विवाह स्थल’ नव्हे, ‘विवाहस्थळ’. आणि वधूवरांच्या ओळखीत ‘उच्च शिक्षा’ लिहू नका. हिंदीत ते शिक्षण आहे, मराठीत दंड.

‘सुपुत्र’ आणि ‘सुपुत्री’ याबद्दलही थोडं. ‘सु’ म्हणजे चांगला. आपल्याच मुलाला आपणच चांगला म्हणायचं, हे मराठी पत्रिकेच्या संकोची स्वभावात बसत नाही. स्वतःच्या मुलांसाठी ‘चिरंजीव’ आणि ‘कन्या’ पुरेसं आहे. ‘सु’ लावायचाच तर व्याह्यांच्या मुलाला लावावा. आमच्या पहिल्या प्रुफात ‘ज्येष्ठ सुकन्या’ होतं. आम्ही दोनच भावंडं, त्यातली बहीण एकच. ती पत्रिका तशीच गेली असती तर “धाकटी कोणती गं, आम्हाला माहीतच नाही,” असे फोन आले असते. ज्येष्ठ, द्वितीय, कनिष्ठ हे शब्द मोजून लिहा.

तिथी: टाइमझोनसारखी चूक

हा भाग मला स्वतःला फार आवडला, कारण आमच्या धंद्यात वेळेच्या अशा चुका नेहमी सापडतात. दोन यंत्रं एकच क्षण वेगवेगळ्या आकड्यांत सांगतात, दोन्ही बरोबर असतात, आणि त्यांची सरमिसळ केली की गोंधळ होतो.

मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतातल्या हिंदी पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, पण वद्य पक्षात हिंदी पंचांग एक नाव पुढे असतं. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, तर शेजारच्या मिश्राजींकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच, दहीहंडी तीच. दिवाळीतली अमावास्या आपली आश्विनातली, त्यांची कार्तिकातली.

आमचा मुहूर्त होता वैशाख वद्य पंचमीचा. प्रेसमध्ये हिंदी पंचांग टांगलेलं होतं. त्यात बघून ऑपरेटरने महिना ‘ज्येष्ठ’ केला, पण ‘वद्य’ शब्द मराठीच ठेवला. ‘ज्येष्ठ वद्य पंचमी’ म्हणजे मराठी पंचांगाप्रमाणे लग्न एक महिना पुढे गेलं! खाली इंग्रजी तारीख होती म्हणून कुणी चुकीच्या दिवशी आलं नसतं, पण भटजींनी पत्रिका पाहून कपाळाला हात लावला असता.

वर्षाचंही तसंच. २०२५ सालची अक्षय तृतीया ३० एप्रिलला, बुधवारी होती. त्या दिवशी आपला शक १९४७ होता, उत्तरेतला विक्रम संवत २०८२ होता, आणि गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो म्हणून तिथे २०८१ चालू होता. एका दिवसाचे तीन आकडे. पत्रिकेवर ‘शके’ लिहून पुढे संवताचा आकडा टाकला, तर तुम्ही लग्न १३५ वर्षं पुढे ढकललंत. सोपा हिशेब असा: गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करा, आणि १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. जानेवारी-फेब्रुवारीतल्या लग्नांच्या पत्रिकांवर शक चुकतो तो याचमुळे.

शेवटी वार आणि तारीख जुळते का, ते फोनच्या कॅलेंडरमध्ये बघा. दहा सेकंदांचं काम आहे. मुहूर्ताच्या वेळेआधी ‘सकाळी’, ‘दुपारी’ की ‘सायंकाळी’ तेही बघा. ‘सकाळी १२ वाजून ३५ मिनिटे’ ही वेळ घड्याळात नसते.

अक्षरं का तुटतात?

आपण फोनवर टाइप करतो ते युनिकोडमध्ये. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने फॉन्ट वापरतात. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा खरा ‘क’ नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. शिवाय युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये दिसते तशी आधी वेलांटी आणि मग ‘क’. तुमचा मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना हा क्रम उलटावा लागतो. रूपांतर नीट झालं नाही की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जातात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो आणि जोडाक्षरं सुटी होतात.

हिंदीची सवय असलेल्या ऑपरेटरच्या हातून मराठीची दोन खास अक्षरं हमखास जातात. एक ‘ळ’: काळे यांचे काले होतात आणि केळकरांचे केलकर. आडनाव चुकलेली पत्रिका घेऊन तुम्ही त्याच माणसाच्या दारात जाणार असता, हे विसरू नका. दुसरं ‘दुसऱ्या’मधलं ऱ्य: त्याचं ‘दुसर्या’ होतं.

उपाय साधा आहे. मजकूर फक्त मेसेजमध्ये पाठवू नका. तोच मजकूर पीडीएफ करूनही द्या, म्हणजे अक्षर कसं दिसायला हवं याचा नमुना समोर राहतो. आणि छपाईआधी शेवटची पीडीएफ मागून घ्या. फोनवर काढलेला स्क्रीनचा अंधूक फोटो म्हणजे प्रूफ नव्हे.

हमखास चुकणारे शब्द

फॉन्टचा दोष नसतानाही काही शब्द चुकतात, कारण चुकीचं रूपच आपण जास्त वेळा पाहिलेलं असतं.

आर्शीवाद नव्हे, आशीर्वाद. मूळ शब्द आशीः, त्यापुढे वाद आला की विसर्गाचा र् होतो आणि तो ‘वा’च्या डोक्यावर बसतो. एवढं लक्षात ठेवलं की पुन्हा चुकत नाही.
जेष्ठ नव्हे, ज्येष्ठ.
मुहुर्त नव्हे, मुहूर्त.
वधुवर नव्हे, वधूवर. ‘वधू’ मुळातच दीर्घ आहे, जोडशब्दातही ती तशीच राहते.
विनित नव्हे, विनीत. पण निमंत्रित, उपस्थित आणि हार्दिक यांत मात्र ह्रस्व.
स्वागतोत्सूक नव्हे, स्वागतोत्सुक. स्वागताला उत्सुक, एवढाच त्याचा अर्थ.
दुखःद नव्हे, दुःखद. हा शब्द लग्नाच्या नाही, दुसऱ्या प्रसंगी लागतो. तीन वर्षांपूर्वी तो मी स्वतः चुकीचा लिहून सगळ्यांना पाठवला होता. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, बोलणारही नव्हतं. असे मजकूर आपण नेहमी घाईत आणि अर्धवट शुद्धीत लिहितो. म्हणूनच योग्य रूप आधीपासून ठाऊक असलेलं बरं.

जुन्या पत्रिकेतले शब्द

दुसऱ्यांदा मजकूर लिहायला बसलो तेव्हा आईने ट्रंकेतून तिच्या आणि बाबांच्या लग्नाची पत्रिका काढली. १९८६ सालची, घडीवर फाटलेली. सुरुवात ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पुढे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि मग ‘यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’. चुलतभाऊ खो खो हसत सुटला. हसू येणारच, कारण त्या शब्दाचा आजचा अर्थ वेगळा झाला आहे. पण जुन्या मराठीत शरीरसंबंध म्हणजे सोयरीक, दोन घरांत लग्नाने जुळलेलं नातं. आज तो शब्द छापू नका, पण आजोबांच्या पत्रिकेला हसूही नका.

मला त्यातलं ‘योजिले आहे’ फार आवडलं. हल्ली आपण ‘विवाह सोहळा संपन्न होणार आहे’ असं ठोकून लिहितो. जुनी पत्रिका म्हणते, आम्ही योजलं आहे, बाकी श्रीकृपा. आम्ही ते दोन्ही शब्द नव्या पत्रिकेत ठेवले.

राहिला होता आईच्या नावाचा प्रश्न. एका नातेवाइकांनी सुचवलं, की निमंत्रक म्हणून काका-काकूंचं नाव घालावं, तशी पद्धत आहे. काका लगेच म्हणाले, “वहिनींचं नाव आधी. मुलगी त्यांची आहे.” मग त्या नावाआधी काय? श्रीमती? आई म्हणाली, “काही नको. नुसतं नाव लिहा. माझं नाव मला पुरतं.” मग काकू म्हणाली, “तर माझंही नुसतंच लिहा.” अशी एकेक करून निमंत्रकांच्या यादीतली सगळीच विशेषणं निघाली. फक्त बाबांचं ‘कै.’ काढू का, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, “ते राहू दे. नाहीतर मंडपात लोक विचारतील, हे कुठे दिसत नाहीत म्हणून.”

प्रत्येक घराने असंच करावं असं माझं म्हणणं नाही. कुणाला ‘सौ.’ हवं असेल, कुणाला ‘श्रीमती’. पण जिच्या नावाआधी ते छापायचं, तिला आधी विचारा. साच्याला विचारू नका.

शेवटचा अंगठा पाठवण्याआधी

आता मी हे काम असं करतो. प्रूफ कागदावर छापून घेतो आणि सकाळी वाचतो. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा प्रुफावर बोट ठेवून जुळवतो. मग फक्त नावं एकदा, फक्त आकडे एकदा. पत्रिकेवरचा प्रत्येक फोन नंबर खरोखर लावून बघतो आणि नकाशाचा क्यूआर कोड दुसऱ्याच्या फोनने स्कॅन करतो. व्याह्यांकडची नावं त्यांच्याकडूनच लेखी मागवतो आणि प्रूफ त्यांनाही दाखवतो. आणि सर्वांत शेवटी ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातात देतो, चष्म्यासकट. मजकुरात नसलेलं काय छापलं गेलं, हे त्यांच्याच लक्षात येतं.

दुसऱ्या छपाईची पहिली पत्रिका आईने परत वरपासून खालपर्यंत वाचली. मग हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, “आता दे गणपतीला.”

पुढच्या महिन्यात लग्नाच्याच आधीच्या पायरीबद्दल बोलू, म्हणजे बायोडाटा. त्यात काय लिहावं यापेक्षा काय लिहू नये हे जास्त आहे. तोवर तुमच्या घरात एखादी जुनी पत्रिका असेल तर ट्रंकेतून काढा आणि तिचा स्वच्छ फोटो घेऊन ठेवा. घडीवर फाटण्याआधी.